भांडवल त्यांचे, फी आपली

कडोदऱ्यात चार रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सध्या एक प्रश्न वारंवार कानावर येतो. ‘कोणती प्रॉप फर्म चांगली?’ विचारणारी मुले आपलीच आहेत. कुणी डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, कुणी मार्केटमध्ये हिशेबनीस, कुणी पदवी घेऊन नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. घरची वडीलधारी मंडळी हे ऐकून एक तर रागावतात, नाही तर काहीच न कळल्यामुळे गप्प बसतात. दोन्हीने काम बिघडते. म्हणून या अंकाचे संपादकीय आम्ही याच विषयाला दिले आहे.

समाजाच्या राजकीय मुखपत्राने वायद्याच्या भानगडीत का पडावे, असे काहींना वाटेल. नगरपालिकेची कामे, मतदार यादी, मराठी शाळा, दाखल्यांच्या अडचणी हे आपले नेहमीचे विषय. परंतु आपली कमाई कुठे जाते हे ज्या समाजाला सांगता येत नाही, त्या समाजाच्या शब्दाला राजकारणातही वजन राहत नाही. पालसाणा तालुका एके काळी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. आपल्यापैकी काही घरे त्या गायकवाडी अमलापासून या बाजूला आहेत, तर काही पुढे खानदेशातून सुरतेच्या गिरण्यांमागे आली. दोन्हींनी पै पै जोडून घर बांधले. त्या पैशाचा प्रश्न हा समाजाचाच प्रश्न आहे.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. प्रॉप फर्म म्हणजे प्रोप्रायटरी ट्रेडिंग फर्म, स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी सौदे करणारी पेढी. मुंबईत अशा पेढ्या पूर्वीपासून आहेत. त्या हुशार मुलांना पगारावर घेतात, शिकवतात, आणि नफा झाला तर हिस्सा देतात. पण मोबाइलवर आज जिची जाहिरात दिसते ती गोष्ट वेगळी आहे. येथे मुलाला पगार मिळत नाही, उलट तोच फी भरतो. फी भरून ‘चॅलेंज’ नावाची परीक्षा द्यायची, ठरावीक नफा करून दाखवायचा, तोट्याची मर्यादा ओलांडायची नाही. पास झाला की ‘फंडेड अकाउंट’ मिळते आणि नफ्यातला ८० ते ९० टक्के वाटा त्याचा, असे सांगितले जाते. शिकागोची टॉपस्टेप, २०२१ साली सुरू झालेली टेक्सासची एपेक्स ट्रेडर फंडिंग ही वायद्यांच्या क्षेत्रातली प्रसिद्ध नावे. प्रागची एफटीएमओ ही मुख्यतः परकीय चलनाच्या सौद्यांसाठी ओळखली जाते.

आपल्या मुलांना हे सोयीचे वाटते त्यालाही कारण आहे. अमेरिकेचा शेअर बाजार आपल्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ वाजता आणि हिवाळ्यात ८ वाजता उघडतो. दिवसपाळी संपवून, जेवण करून मोबाइल घेऊन बसता येते. शिवाय आपल्याकडे सेबीने १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकाने निर्देशांकाच्या वायद्याचा किमान आकार १५ लाख रुपये केला. साहजिकच लागणारे मार्जिन वाढले आणि लहान भांडवलाचा माणूस बाहेर फेकला गेला. त्याच वेळी ‘पाच हजारांत पन्नास हजार डॉलरचे खाते’ अशी हाक आली. तहानलेल्याने पाण्याचा रंग पाहायचा कधी?

आता त्या पन्नास हजार डॉलरचा हिशेब मांडू.

अशा खात्यात साधारणपणे ३ हजार डॉलर नफ्याचे लक्ष्य असते आणि २ ते अडीच हजार डॉलर तोट्याची मर्यादा. ती मर्यादा गाठली की खाते बंद. म्हणजे नाव ५० हजारांचे असले तरी मुलाच्या हातात खऱ्या अर्थाने २ हजारच आहेत. उरलेले ४८ हजार दुकानाच्या काचेतल्या दागिन्यांसारखे, बघायचे, हात लावायचा नाही. एस अँड पी ५०० निर्देशांकाच्या ‘ई-मिनी’ वायद्यात एका अंकाला ५० डॉलर पडतात. म्हणजे एकच लॉट घेतला आणि बाजार ४० अंक उलटा गेला की २ हजार संपले. त्या निर्देशांकात दिवसभरात ४० अंकांची हालचाल ही नित्याची बाब आहे. ‘मायक्रो’ वायद्यात अंकाला ५ डॉलर पडतात, तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. पण मग ३ हजारांचे लक्ष्य गाठायला ६०० अंक कमवावे लागतात. फी दर महिन्याला असली की घाई होते, आणि घाईत माणूस मोठा लॉट घेतो.

दुसरी गोम मर्यादा मोजण्याच्या पद्धतीत आहे. काही फर्म ती मर्यादा नफ्याबरोबर वर सरकवतात, तीही क्षणोक्षणी. उदाहरण घ्या. खाते ५० हजारांचे, मर्यादा अडीच हजारांची, म्हणजे तळ ४७,५००. सौदा चालू असताना नफा १ हजार दिसला की तळ ४८,५०० वर आला. सौदा तसाच ठेवला, भाव परत फिरला आणि शेवटी ना नफा ना तोटा, अशा स्थितीत मुलगा बाहेर पडला. त्याला वाटते काही गेले नाही. प्रत्यक्षात त्याच्याकडे अडीच हजारांऐवजी दीड हजारच उरले. न मिळालेल्या नफ्याची वसुली त्याच्याकडून झाली!

तिसरी गोष्ट संभाव्यतेच्या गणिताची. समजा, एखाद्याला बाजारातले ओ की ठो कळत नाही. तो नाणे उडवून सौदे करतो आणि दलालीही शून्य धरली. लक्ष्य ३ हजारांचे आणि वर सरकणारी मर्यादा २ हजारांची असेल, तर असा माणूससुद्धा चार-पाच प्रयत्नांत सरासरी एकदा पास होतो. यातून दोन गोष्टी निघतात. चॅलेंज पास होणे हा कौशल्याचा पुरावा नव्हे. आणि बाकीच्या तीन-चार प्रयत्नांची फी फर्मच्या गल्ल्यात कायमची जमा झालेली असते. ज्या मुलाचे अभिनंदन होते, प्रमाणपत्राचा फोटो सर्वत्र फिरतो, त्याच्या मागच्या चौघांचा फोटो कुणी काढत नाही.

मग या फर्मचे उत्पन्न कोणते, हा खरा प्रश्न आहे. मुलांनी केलेला नफा, की मुलांनी भरलेली फी? पुष्कळ ठिकाणी चॅलेंजमधले सौदे केवळ संगणकावरचे असतात, एक्स्चेंजवर जातच नाहीत. ‘फंडेड’ खातेसुद्धा अनेकदा तसेच ‘सिम्युलेटेड’ असते, आणि ते अटी-शर्तींच्या बारीक अक्षरात लिहिलेलेही असते. अशा ठिकाणी पास झालेल्यांना दिले जाणारे पैसे बाजारातून येत नाहीत. ते नापास झालेल्यांच्या फीतून येतात. भिशीत निदान प्रत्येकाची पाळी येते, इथे तीही खात्री नाही.

२०२३ सालचे एक प्रकरण सर्वांनी लक्षात ठेवावे. अमेरिकेतल्या वायदे बाजाराची नियामक संस्था सीएफटीसी हिने ऑगस्ट २०२३मध्ये ‘माय फॉरेक्स फंड्स’ चालवणाऱ्या ट्रेडर्स ग्लोबल ग्रुपवर न्यू जर्सीच्या न्यायालयात दावा लावला. १ लाख ३५ हजारांहून अधिक ग्राहकांकडून ३१ कोटी डॉलरहून अधिक फी घेतल्याचा आणि ग्राहकांना फसवल्याचा आरोप त्यात होता. कंपनीची मालमत्ता गोठवली गेली आणि धंदा एका रात्रीत थांबला. पुढे मे २०२५मध्ये न्यायालयाने नियामक संस्थेच्याच गैरवर्तनावर बोट ठेवून तो दावा फेटाळला. म्हणजे आरोप सिद्ध झाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु आपल्यासाठी धडा वेगळा आहे. दोन हत्तींच्या झुंजीत ज्यांचे पैसे अडकले ते सर्वसामान्य लोक होते. शिकागोत किंवा न्यू जर्सीत वकील लावायची ऐपत कडोदऱ्यातल्या किती घरांची आहे?

कायद्याची बाजूही स्पष्ट समजून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत रहिवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, पण परदेशी एक्स्चेंजला मार्जिनपोटी पैसे पाठवण्यास त्यात मनाई आहे. फेमा कायद्याच्या कलम १३ खाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. फर्मवाले म्हणतात, ‘ही मार्जिन नाही, सेवेची फी आहे.’ हा त्यांचा युक्तिवाद झाला, रिझर्व्ह बँकेचा परवाना नव्हे. परकीय चलनाचे अनधिकृत सौदे करणाऱ्या संस्थांची सावधानतेची यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये ३४ नावांनिशी काढली आणि पुढे ती वाढत गेली. ती यादी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

‘परदेशी नको, देशी फर्म बघतो’ असे म्हणणाऱ्यांनीही सावध असावे. भारतातल्या शेअरच्या भावांवर आभासी सौदे, पेपर ट्रेडिंग वा खेळ चालवणाऱ्या मंचांविषयी सेबीने ४ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर इशारा दिला. असे उद्योग १९५६च्या सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स कायद्याच्या आणि १९९२च्या सेबी कायद्याच्या विरुद्ध आहेत, व्यवहार नोंदणीकृत मध्यस्थाकडेच करावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्या भागात डब्बा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. सौदा एक्स्चेंजवर न नेता वहीत मांडायचा, ग्राहक हरला की डब्बेवाला जिंकला. कुणी जर रोख फी घेऊन, पावती न देता, ‘आमच्याकडेच फंडेड खाते उघडून देतो’ असे सांगत असेल, तर नाव इंग्रजी असले तरी वही जुनीच आहे असे समजावे.

इतके सांगूनही आम्ही दुसरी बाजू झाकून ठेवणार नाही. मुले म्हणतात, ‘स्वतःच्या पैशाने वायदा केला तर घर जाईल. इथे फार तर फी जाईल.’ या बोलण्यात तथ्य आहे. २० एप्रिल २०२० रोजी कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली गेला आणि मुंबईच्या एमसीएक्सवर त्याचा हिशेब उणे २,८८४ रुपये प्रति बॅरल या भावाने झाला. तेल विकत घेतलेल्यांचे सर्व मार्जिन गेलेच, वर देणेही लागले. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२४-२५ या वर्षातही ९१ टक्के तोट्यात होते आणि निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटींचा झाला.

त्याच अभ्यासातल्या आणखी तीन आकड्यांकडे पालकांनी लक्ष द्यावे. तिशीच्या आतल्या मुलांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ७५ टक्क्यांहून अधिक लोकांचे जाहीर उत्पन्न ५ लाखांच्या आत होते. आणि ७२ टक्के लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. हे वर्णन कुणाचे आहे? आपल्यासारख्या गावांतल्या, आपल्यासारख्या घरांतल्या मुलांचेच.

तेव्हा दोन लाखांपेक्षा पाच हजारांचा फटका बरा, हे खरेच. पण ‘फार तर फी जाईल’ हे वाक्य फी एकदाच भरली तरच खरे ठरते. डॉलर ९० रुपयांच्या आसपास धरला तर ५० डॉलरची फी साडेचार हजार रुपयांची. महिन्याला एक चॅलेंज आणि एक ‘रीसेट’ असे वर्षभर चालले की लाखाच्या वर रक्कम जाते, तीही हप्त्याहप्त्याने, घरात कुणाला न कळता. मोठे भोक दिसते आणि बुजवता येते. घड्याला बारीक चीर गेली तर पाणी कधी संपले ते कळत नाही.

एवढे समजूनही ज्याला जायचेच आहे, त्याने फर्म कशी निवडावी? ‘चांगली कोणती’ हा प्रश्न सोडून पुढील प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे घरात वाचून दाखवावीत.

१. ही फर्म मला ज्याने सुचवली, त्याला माझ्या फीतून कूपन कोडचे कमिशन मिळते काय? मिळत असेल तर तो सल्लागार नाही, विक्रेता आहे.

२. पास झाल्यावर माझा सौदा खरोखर एक्स्चेंजवर जातो, की संगणकावरच राहतो?

३. तोट्याची मर्यादा स्थिर आहे, दिवसअखेर मोजतात, की क्षणोक्षणी वर सरकते? पहिल्या दोन पद्धती माणसाला झेपतात, तिसरी बहुतेकांना बुडवते.

४. फी एकदाच की दरमहा? पास झाल्यावर खाते सुरू करण्याची, रीसेटची, भाव पाहण्याची वेगळी रक्कम किती? सर्वांची बेरीज करून मगच दोन फर्मची तुलना करावी. ऐंशी टक्के सवलतीच्या जाहिरातीला भुलू नये. कायम चालणारी सवलत ही सवलत नसते.

५. एका दिवसाचा नफा एकूण नफ्याच्या अमुक टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा नियम आहे काय? असल्यास किती टक्के?

६. पहिले पैसे किती दिवसांनी, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती काढता येतात? नफ्यातली काही रक्कम खात्यातच अडकवून ठेवावी लागते काय?

७. कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे, भारतीय रहिवाशाला घेते काय, आणि वाद झाला तर कोणत्या न्यायालयात जायचे?

८. पैसे बँकेतून येतात की क्रिप्टोतून? बँकेतून आलेली रक्कम आयकराच्या विवरणपत्रात दाखवावीच लागते. क्रिप्टोचा किंवा दुसऱ्याच्या खात्याचा मार्ग सुचवला, की उठून चालते व्हावे.

९. नियम बदलण्याचा अधिकार फर्मने स्वतःकडे किती राखून ठेवला आहे? नफा झाल्यावर नियम बदलणार असेल तर तो करार कसला?

‘पैसे द्या, चॅलेंज आम्ही पास करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. दुसऱ्याकडून खाते चालवून घेणे या फर्मच्या नियमांत सहसा बसत नाही. पुढे पैसे काढायची वेळ आली की याच कारणावरून खाते बंद होते, आणि दाद मागायला तोंड उरत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

आमचे मत विचाराल तर बहुतेक घरांसाठी योग्य फर्म कोणतीच नाही. ज्याला जायचे त्याने वर्षातून एक चॅलेंज, स्वतःच्या कमाईतून, घरात सांगून द्यावे. भिशीच्या, उसनवारीच्या, दागिन्याच्या पैशाला हात लावू नये. नापास झाला तर त्या वर्षापुरते पुस्तक मिटावे. या विषयाची खरी गोडी असलेल्यांनी एनआयएसएमची इक्विटी डेरिव्हेटिव्हजची परीक्षा द्यावी. नोंदणीकृत दलाली पेढीत नोकरी मागताना ते प्रमाणपत्र दाखवता येते. गांधीनगरची गिफ्ट सिटी आपल्याच राज्यात आहे. जी पेढी खरोखर आपल्या भांडवलावर सौदे करते, ती मुलाला पगार देते, त्याच्याकडून प्रवेश फी घेत नाही.

आता राजकारणाचा भाग. सुधारणा केवळ मुलांनीच करायची, असे नाही. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापली तेव्हा रयतेच्या पैशाला एक पत्ता मिळाला. दार होते, वही होती, उत्तर देणारा माणूस होता. आज मुलांचा पैसा जिथे जातो त्याला ना दार ना माणूस. म्हणून मते मागायला जे येतील त्यांच्यापुढे आपण तीन मागण्या ठेवाव्यात. चॅलेंजची फी परदेशी पाठवणे चालते की नाही, हे रिझर्व्ह बँक आणि सेबी यांनी गुजराती, मराठी आणि हिंदीत, साध्या भाषेत, एका पानावर सांगावे. शिकवणीच्या नावाखाली ताजे भाव दाखवण्यावर सेबीने जानेवारी २०२५मध्ये बंधन घातले, तसेच बंधन परदेशी फर्मचे कूपन विकणाऱ्यांवरही यावे. आणि डब्ब्यावर छापे पडतात तेव्हा चालवणाऱ्यांची नावे पुढे यावीत, केवळ फसलेल्या पोरांची नव्हे.

आपल्याकडूनही एक काम व्हावे. मंडळाचे सभागृह अशा ‘मोफत सेमिनार’साठी कुणालाही भाड्याने देऊ नये, मग तो आपल्याच समाजाचा असो. त्याऐवजी महिन्यातून एका रविवारी बँकेत आणि हिशेबात आयुष्य घालवलेल्या निवृत्त मंडळींनी तिथे बसावे. ज्या मुलाला फी भरायची आहे त्याने वरची नऊ उत्तरे घेऊन यावे. कुणी त्याला हसणार नाही, कुणी रागावणार नाही. सोबत बसून हिशेब होईल. ज्यांची फी आधीच गेली आहे त्यांनीही यावे, म्हणजे दुसऱ्याची वाचेल.

पोराला ‘हे आपले काम नव्हे’ असे सांगणे सोपे आहे. त्याच्या शेजारी बसून बेरीज-वजाबाकी करणे कठीण. आपल्या वाडवडिलांनी कठीण तेच केले, म्हणून आज आपण इथे घर करून आहोत.

जय हिंद! जय महाराष्ट्र! जय गुजरात!